कोंबडीचं सोवळं

आमच्या घरामागच्या बागेत तीन कोंबड्या आहेत : लाडू, चकली आणि करंजी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवड्यात त्या घरी आल्या, म्हणून आमच्या लेकीनं, ईरानं, ही नावं ठेवली. इथल्या मोठ्या अंड्यांच्या फार्मवर कोंबडी साधारण दीड वर्षाची झाली, अंडी कमी झाली की तिला काढून टाकतात. अशा कोंबड्या काही संस्था हौशी लोकांना पाळायला देतात. आमच्या तिघी तशाच आल्या. आल्या तेव्हा अंगावर निम्मी पिसं नव्हती. चकलीला तर मान आहे की सोललेली शेंग, असा प्रश्न पडावा.

यंदा मे महिन्यात सासूबाई कराडजवळच्या आमच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आल्या. न्यूकॅसलच्या गार वाऱ्यात काय करमणार, ही माझी काळजी. पण मागच्या दारी कोंबड्या बघितल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ शाल पांघरून त्या बागेत. "ती ती ती ती" अशी हाक ऐकू आली की तिघी धावत सुटायच्या. इंग्लंडात जन्मलेल्या कोंबड्यांना कराडची भाषा दोन दिवसांत कळली, याचं मला फार कौतुक वाटलं होतं.

तीन आठवडे सगळं छान चाललं. मग एका शनिवारी सकाळी ईरा बागेतून ओरडत आली, "आई, आजीनं लॉ ब्रेक केला!"

मागोमाग सासूबाई. हातात स्टीलचं ताट, त्यात आदल्या रात्रीचा भात आणि भाकरीचा चुरा. मला म्हणाल्या, "शिळं टाकायचं का मग? चार घास मुक्या जिवाला घातले तर कसला गं कायदा?"

खरं सांगायचं, तर ईरा बरोबर होती. तिच्या शाळेत त्याच आठवड्यात शेतीवर प्रकल्प झाला होता. या देशात स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबडीला घालणं बेकायदा आहे. कोंबडी फार्मवरची असो की घरी पाळलेली, एक असो की दहा हजार. १ ऑक्टोबर २०२४ पासून इथं इंग्लंडमध्ये एक कोंबडी पाळली तरी तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते. आमच्या लाडू, चकली, करंजी रीतसर नोंदलेल्या आहेत.

मला हे सगळं माहीत होतं. पण तीन आठवडे ते ताट बागेत जाताना मी बघितलं होतं आणि गप्प बसले होते. कोणत्या तोंडानं सांगायचं? ज्या बाईनं साठ वर्षं घरात भाताचं एक शीत वाया जाऊ दिलं नाही, तिला मी सांगणार की तुमचा घास म्हणजे गुन्हा? आणि जे मी टाळलं, ते आठ वर्षांच्या पोरीनं सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाईंनी ताट ओट्यावर ठेवलं आणि वर खोलीत निघून गेल्या. पुढचे तीन दिवस त्या बागेत गेल्या नाहीत.

शीत वाया गेलं तर

मी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं माध्यमिक शाळेत शिकवत होते. मुलांना "असं का?" विचारायला शिकवायचं आणि स्वतः मात्र नियम आहे म्हणून पाळायचा, हे मनाला पटेना. म्हणून बसून वाचून काढलं.

या नियमामागची गोष्ट आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत घडली आहे. न्यूकॅसलच्या पश्चिमेला हेडन-ऑन-द-वॉल नावाचं छोटं गाव आहे. रोमन लोकांनी बांधलेली हेड्रियनची भिंत बघायला आपण पाहुण्यांना नेतो, त्याच भिंतीवरचं गाव. २००१ साली या देशात जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची भयंकर साथ आली. तपास करता करता माग याच गावाजवळच्या एका वराहपालन फार्मपर्यंत पोहोचला. तिथं डुकरांना हॉटेलांतलं वगैरे उरलेलं अन्न घालत. ते नीट उकळून निर्जंतुक करूनच घालायचं, असा नियम होता. तो पाळला गेला नाही आणि त्या अन्नातल्या बाधित मांसातून विषाणू आला असावा, असा निष्कर्ष निघाला. साथ आटोक्यात आणण्यासाठी साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्या वर्षी गावोगाव जनावरांच्या चिता जळत होत्या, आमच्या शेजारच्या आजोबांना तो वास अजून आठवतो. त्याच वर्षी उरलेलं अन्न जनावरांना घालण्यावर बंदी आली.

आपल्याला वाटेल, लाळ्या-खुरकूत हा खुरांच्या जनावरांचा रोग, कोंबडीचा काय संबंध? पण कोंबड्यांचेही रोग आहेतच. त्यातला एक फार जुना रोग म्हणजे आपल्याकडचा 'मानमोडी'. सरकारी भाषेत त्याला राणीखेत म्हणतात, कारण १९२० च्या दशकात तो कुमाऊँमधल्या राणीखेतला आढळला. इंग्रजीत त्याचं नाव काय असावं? न्यूकॅसल डिसीज! १९२६ साली तो इथं, आमच्या या गावाजवळ आढळला म्हणून. एकाच रोगाची दोन नावं, एक तिकडचं आणि एक इकडचं, आणि आम्ही दोन्हींच्या मधोमध. या रोगाचा विषाणू कच्च्या कोंबडीच्या मांसात, हाडांत टिकतो. ज्या ओट्यावर चिकन धुतलं, त्याच ओट्यावर चिरलेल्या कोबीचा देठ कोंबडीपुढे टाकला, की विषाणूला वाट मिळाली. साल्मोनेलाचंही तसंच.

म्हणून कायदा पदार्थ बघत नाही, जागा बघतो. बागेतला पालक वाफ्यातून थेट कोंबडीला घातला तर चालतो. तोच पालक धुवायला स्वयंपाकघरात आणला, देठं खुडली आणि ती बाहेर नेऊन घातली, तर चालत नाही. शाकाहारी घर असलं तरी नाही, कारण तिथं दूध, तूप, दही असतं. फक्त ज्या घरात दूधदुभतंही नाही, संपूर्ण वनस्पतीजन्यच आहार आहे, त्या घराला सूट.

चौथ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी सासूबाईंच्या खोलीत गेले. आधी माफी मागितली. नियम मोडला म्हणून नव्हे, मी वेळेवर बोलले नाही म्हणून. मग ही सगळी गोष्ट सांगितली. पालकाचं उदाहरण ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उंबरा ओलांडला की बाटलं. आमच्या गावातल्या कुलकर्णीणकाकूंचं सोवळं असंच होतं की! हे सरकारी सोवळं झालं."

इतकं नेमकं मला वर्गात कधी समजावता आलं नव्हतं.

भाताचा हिशेब

समेट झाला, पण त्याच सुमाराला दुसरीच काळजी सुरू झाली. चकलीनं बिनकवचाचं अंडं घातलं. नुसती पातळ पिशवी, हातात धरली की लिबलिबीत. लाडूची अंडी बंद झाली. आणि करंजी एका कोपऱ्यात मान आखडून बसू लागली.

सासूबाईंनी करंजीला काखेत घेतलं आणि गळ्याखालची पिशवी दोन बोटांनी चाचपली. कोंबडी दिवसभर खाते ते आधी या पिशवीत साठतं आणि रात्रभरात हळूहळू खाली उतरतं. "संध्याकाळी ही भरलेली पाहिजे नि सकाळी रिकामी. हिची सकाळीच कणकेच्या गोळ्यासारखी लागतीया. खाल्लेलं आंबलंय आत." दोन वर्षं कोंबड्या पाळून मला हे माहीत नव्हतं. व्हेटकडे नेलं, त्यांनीही तेच निदान केलं. औषध दिलं आणि बिलही दिलं. त्या बिलात गावाकडे पंचवीस कोंबड्या आल्या असत्या, तो आकडा मी सासूबाईंना अजून सांगितलेला नाही.

"माझ्या भाकरीनंच झालं का?" त्यांनी मला गाडीत विचारलं. व्हेट म्हणाल्या होत्या, की लांब गवताचं पातं अडकूनही होतं, मऊ पिठूळ खाणं जास्त झालं तरी होतं, नक्की सांगता येणार नाही. मी तेच सांगितलं. पण बाकी दोघींच्या अंड्यांचा हिशेब मात्र मांडता येण्यासारखा होता. त्या रात्री आम्ही दोघी कागद-पेन घेऊन बसलो.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १२० ग्रॅम खाते. तिच्या तयार खाद्यात १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे रोज सुमारे १९ ग्रॅम. शिजवलेल्या भातात १०० ग्रॅमला जेमतेम अडीच ग्रॅम. खाद्य निम्मं खाल्लं आणि उरलेली भूक ६० ग्रॅम भातानं भागवली, तर प्रथिनं १९ वरून ११ वर येतात. एका अंड्यात साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जातात. शिवाय कवच. त्यासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम रोज अंगातून जातं आणि ते भरून काढायला खाद्यातून दिवसाला चार ग्रॅमपर्यंत मिळावं लागतं. भातात ते नावापुरतं. मग कोंबडी काही दिवस स्वतःच्या हाडांतून काढून देते आणि शेवटी बिनकवचाचं अंडं घालते.

सासूबाई म्हणाल्या, "पण गावाकडं तर भाताचंच खाऊन अंडी देतात की."

इथं मला उत्तर सुचेना. मग त्यांनीच दिलं. गावाकडची कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते. त्यात किडे, वाळव्या, गांडुळं, कोवळं गवत, बी-बियाणं. भिंतीचा चुना टोचते. आपण घालतो तो दोन मुठी चारा म्हणजे संध्याकाळी घरी येण्याचं आमिष. आणि ती गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. आमच्या तिघींची जात वर्षाला तीनशे अंड्यांसाठी तयार केलेली. जिचं काम जास्त, तिचा खुराक वेगळा. शिळ्यापाक्यावर तीनशे अंडी मागणं म्हणजे शिक्षिकेला चहा-बिस्किटावर आठ तास शिकवायला लावणं.

भातावरून एक जुनी गोष्ट आठवली. मी ती मुलांना जीवनसत्त्वांच्या धड्याला सांगायची. १८९० च्या सुमारास डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरी रोगाचं कारण शोधत होते. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा भात घालत. कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. मग नवा आचारी आला. लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना देणार नाही म्हणाला! नाइलाजानं त्यांना असडी तांदूळ घालायला लागले आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. जो कोंडा आपण टाकतो, त्यातच काहीतरी आहे, हे तिथून कळलं. पुढे त्यालाच आपण बी-१ जीवनसत्त्व म्हणू लागलो आणि आइकमान यांना १९२९ साली नोबेल मिळालं.

मातेरं ते खरकटं

गोष्ट ऐकून सासूबाई म्हणाल्या, "कोंडा टाकत नव्हतो आम्ही. तो कोंबडीचाच होता." आणि त्या बोलत गेल्या, तसतसं माझ्या लक्षात आलं, की इंग्रजीत ज्याला सरसकट 'वेस्ट' म्हणतात, त्याला आपल्याकडे किती वेगवेगळी नावं आहेत. खळ्यावर मातीत मिसळलेलं धान्य ते मातेरं. सुपातून उडालेलं ते पाखडण. गिरणीतून निघतो तो कोंडा, तांदूळ तुटतो ती कणी, डाळ करताना पडते ती चुणी, तेल काढल्यावर राहते ती पेंड. भाजी निवडताना साली-देठं. रात्रीचं सकाळी उरलं तर शिळं. ताटात राहिलं तर उष्टं. आणि भांडी घासताना जमतं ते खरकटं.

ही नुसती शब्दसंपत्ती नाही. यातली पहिली सहा नावं शेतातली आणि गिरणीतली आहेत, पुढची स्वयंपाकघरातली. बरोबर मधे तो उंबरा. आणि जगभर कोंबडीच्या शाश्वत खाद्याचं जे काही काम चाललं आहे, ते बहुतेक उंबऱ्याच्या अलीकडच्या नावांचंच आहे.

मळणी आणि गिरणीतला उरलेला माल चांगला का? कारण तो कोरडा असतो, एका जागी मोठ्या प्रमाणावर मिळतो आणि त्यात काय आहे ते मोजता येतं. तांदळाच्या कोंड्यात बारा-तेरा टक्के प्रथिनं असतात, मक्यापेक्षा जास्तच. मात्र त्यात तेल असतं, ते लवकर खवट होतं, म्हणून ताजाच वापरायचा किंवा तेल काढलेला. शेंगदाणा पेंडीत चाळीस टक्क्यांच्या वर प्रथिनं. नेदरलँड्समध्ये २०१७ साली किपस्टर नावाचा अंड्यांचा फार्म सुरू झाला. त्यांच्या कोंबड्यांचं खाद्य मुख्यतः बेकऱ्यांतल्या उरलेल्या ब्रेड, बिस्किटांसारख्या मालापासून बनतं. माणसाच्या तोंडचं धान्य कोंबडीला कशाला, असा त्यांचा साधा विचार. हे घरातलं शिळं नव्हे. कारखान्यात मांस-मच्छीला न शिवलेला, तपासलेला माल आहे. तसा माल खाद्यात वापरायला इथल्या कायद्याचीही हरकत नाही.

जपानचा रस्ता वेगळा. तिथं २००१ पासून अन्नाच्या पुनर्वापराचा कायदा आहे. दुकानं, हॉटेलं, कारखाने यांचं उरलेलं अन्न गोळा करून, तापवून, निर्जंतुक करून त्याचं खाद्य बनवतात, त्याला 'इकोफीड' म्हणतात. युरोपीय संघानं २०२१ पासून अळ्यांपासून केलेली प्रथिनं कोंबड्यांच्या खाद्यात चालतील असं ठरवलं. भाजीपाल्याच्या कचऱ्यावर माशीच्या अळ्या वाढवायच्या, त्या वाळवून त्यांची पूड करायची. उकिरड्यावर कोंबडी हेच फुकट करत होती, असं सासूबाईंचं मत. ब्रिटनमध्ये मात्र ही परवानगी नाही. इथं बागेतल्या पक्ष्यांसाठी वाळवलेल्या अळ्या दुकानात मिळतात, त्याही कोंबड्यांना घालायच्या नाहीत. आपल्या वाचकांपैकी कोणी कोंबड्या पाळत असेल तर हे लक्षात असू द्या. आम्ही एक पाकीट आणून परत केलं आहे.

आणि एक गोष्ट कायदा असो वा नसो, देश कोणताही असो, कधीच करू नये. बुरशी आलेलं कोंबडीला घालू नये. "माणसाला चालत नाही, कोंबडीला चालेल" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पटापट मेल्या. कारण कळेना, म्हणून त्या रोगाला 'टर्की एक्स' म्हणाले. शेवटी दोष सापडला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत. तिच्यावर वाढलेल्या बुरशीनं विष तयार केलं होतं. त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. ते शिजवून जात नाही, वाळवून जात नाही. ओल्या पोत्यातला भुईमूग आणि मका यात ते पहिलं येतं.

इथं मी सरकी पेंडीचं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "सरकी म्हशीला. कोंबडीला नाही घालत." का, ते त्यांना माहीत नव्हतं. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. रवंथ करणाऱ्या जनावराला ते बरंच पचतं. कोंबडीला बाधतं आणि अंड्याचा बलक हिरवट पडतो. ज्या बाईला मी नियम समजावत होते, तिच्याकडे किती नियम आधीच होते.

माझ्या भावाचं सोयाबीन

आमच्या कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यावर घटक छापलेले असतात. गहू, गव्हाचा भुसा, सूर्यफुलाची पेंड, सोयाबीनची पेंड. सोयाबीन वाचलं की मला माहेर आठवतं. माझा भाऊ लातूर जिल्ह्यात सोयाबीन करतो. आपण समजतो सोयाबीन तेलासाठी पिकतं. प्रत्यक्षात १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. तिच्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. ती मुख्यतः कोंबड्यांच्या पोटात जाते. म्हणजे माझ्या भावाचं खरं गिऱ्हाईक कोंबडी आहे.

२०२१ साली लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं. कोंबडीवाल्यांचा खर्च परवडेना, कारण कोंबडीपालनात साठ-सत्तर टक्के खर्च खाद्याचाच. ऑगस्टमध्ये सरकारनं बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला होता. गेली दोन-तीन वर्षं देशात मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल करण्यावर जोर आहे. त्यातून उरणारा चोथा वाळवून कोंबडी खाद्यात जातो. मक्याच्या चोथ्यात तीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, तांदळाच्या चोथ्यात त्याहून जास्त, आणि पेंडीपेक्षा स्वस्त. उरलेल्या मालाचा किती चांगला उपयोग! मी उत्साहानं भावाला फोन करून सांगायला गेले. तो म्हणाला, "ताई, त्या चोथ्यानंच तर आमच्या पेंडीचं गिऱ्हाईक नेलंय." २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली होता.

मी त्यावर काही बोलू शकले नाही. वाया जाणारं वापरा, हे सांगणं सोपं आहे. पण बाजारात शिरलं की टाकाऊ टाकाऊ राहत नाही, त्याला भाव येतो, आणि कुणाचा तरी भाव जातो. यात चोथ्याचा दोष नाही, कोंबडीवाल्याचाही नाही, भावाचा तर नाहीच. पण 'शाश्वत' हा शब्द लिहिताना लातूरच्या बाजारातली ती रांग माझ्या डोळ्यांपुढे येते, एवढं खरं.

आता आम्ही काय करतो

जून-जुलैत सासूबाईंनी मागच्या कुंपणालगत दोन वाफे केले, फक्त कोंबड्यांचे. काले, पालक, सूर्यफूल आणि झेंडू. हा भाजीपाला उंबरा ओलांडतच नाही. तण उपटलं की तेही तिघींपुढे, डँडेलियन त्यांना फार आवडतं. बाजारातून कोंबडीसाठी कोबी आणला तर गाडीतून थेट बागेत, दोरीला टांगून. मुख्य खाणं पोत्यातलंच. वरचं सगळं मिळून दहाव्या हिश्शाच्या आत, तेही दुपारनंतर, आधी खाद्य पोटात गेल्यावर. शेजारी वाटीत शिंपल्यांचा चुरा, ज्याला हवा तो टोचेल. चकलीची कवचं तीन आठवड्यांत घट्ट झाली.

झेंडूची आयडिया सासूबाईंची नव्हती, माझी होती, आणि मला तिचा अभिमान आहे. झेंडूच्या पाकळ्यांत जे पिवळं द्रव्य असतं, त्यानं बलकाला रंग येतो. खाद्य कंपन्या त्यासाठी झेंडूचा अर्क वापरतात आणि भारतात त्यासाठी झेंडूची शेतीही होते. दसऱ्याला आम्ही वाफ्यातला झेंडू तोडून तोरण केलं. दाराला न लावलेल्या फुलांच्या पाकळ्या तिघींना घातल्या. गावाकडे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाजाराच्या कडेला झेंडूचे ढीग कुजत पडतात, ते बघून आता मला बलक दिसतात.

गावाकडे मंडळींपैकी कोणी घरी गावरान किंवा वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या पाळत असेल, तर त्यांना मी एवढंच सांगेन. मातेरं, कोंडा, कणी, चुणी जरूर घाला, पण कोरडी आणि बिनबुरशीची. अझोला घालत असाल तर लक्षात ठेवा, ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तो कोशिंबिरीसारखा, जेवणासारखा नव्हे. कच्चं चिकन धुतलेलं पाणी आणि हाडं कोंबडीपासून लांब. मानमोडीची लस वेळेवर. कायदा नसला तरी हे सोवळं पाळण्यासारखं आहे.

आणि आमच्या घरातलं शिळं? सासूबाईंनी त्यावर सगळ्यात साधा उपाय केला. भात कमी लावायला लागल्या. पहिल्या दिवशीपासून मी चार वाट्या लावत होते, सवयीनं. त्यांनी मोजून तीन केल्या. तरी उरला तर सकाळी फोडणीचा भात. या देशात २०१८ साली वाया गेलेल्या ९५ लाख टन अन्नापैकी ६६ लाख टन घरांतून गेलं होतं, हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कोंबडीच्या नावाखाली आपण जास्तीचं रांधत होतो, हे कुणी लिहिलंय का त्यात?"

करंजी बरी झाली, पण अंडी देत नाही. दिवसभर बाकी दोघींच्या मागे फिरते. गावाकडे असती तर एखाद्या रविवारी तिचा निकाल लागला असता, असं सासूबाई म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता तिला काखेत घेऊन सकाळी गळ्याखालची पिशवी चाचपायच्या. आता ते काम ईराकडे आहे. शाळेत जायच्या आधी ती दोन बोटांनी बघते आणि व्हिडिओ कॉलवर आजीला सांगते, "रिकामी आहे."

दिवाळीला यंदाही चकल्या, करंज्या, लाडू होतील. चकलीचा चुरा डब्याच्या तळाशी राहीलच. तो आम्ही खाऊ.